इंजिन कुठे ठेवायचं? मिनी आणि इम्प या दोन छोट्या ब्रिटिश गाड्यांची गोष्ट

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत एक नवी इलेक्ट्रिक गाडी आली, चाकणच्या कारखान्यात बनलेली. पूजा झाली, पेढे वाटून झाले, चाकाखाली लिंबं चिरडून झाली. मग तळमजल्यावरच्या आजोबांनी मालकाला बॉनेट उघडायला लावलं. आत इंजिन नसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मोटरही नव्हती. प्लास्टिकचा एक खोलगट कप्पा होता, भाजीच्या दोन पिशव्या मावतील एवढा. "अरे, मग हिला ढकलतं कोण?" आजोबांनी विचारलं. मोटर मागच्या चाकांपाशी आहे म्हटल्यावर त्यांचा दुसरा प्रश्न तयारच होता. "आणि ती मागे का?"

मालक अडखळला, आणि त्यात त्याची काही चूक नाही. याच प्रश्नाने साठेक वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या दोन बड्या कंपन्यांना घाम फोडला होता. एकीने इंजिन पुढे आडवं ठेवलं, दुसरीने मागे नेलं. पहिलीची मिनी जगभर गाजली. दुसरीची हिलमन इम्प आपल्याकडे जुन्या गाड्यांचं वेड असलेल्यांनाच माहीत असते. या दोघींना शेजारी शेजारी उभं करून पाहिलं की आपल्या दारातली गाडी अशीच का बनवली आहे, हे उलगडत जातं. माझं एक मत आधीच सांगून टाकतो: इंजिन मागे होतं म्हणून इम्प हरली, असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे.

## आधी अँबॅसिडरच्या मधल्या सीटवर बसू

अँबॅसिडर किंवा पद्मिनी टॅक्सीच्या मागच्या सीटवर तिघांत मधे बसायची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना पायाखालचा उंचवटा आठवत असेल. दोन्ही पाय एका बाजूला घ्यायचे, नाहीतर गुडघे वर करून बसायचं. त्या उंचवट्याखालून एक लोखंडी दांडा जातो. त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात, आपण नुसता शाफ्ट म्हणू. या जुन्या रचनेत इंजिन पुढे असतं, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं. त्याच्या मागे गिअरबॉक्स. आणि ताकद द्यायची असते मागच्या चाकांना. पुढची ताकद मागे पोचवायचं काम शाफ्ट करतो.

मोठ्या गाडीत हे खपून जातं. गाडी लहान करायला घेतली की चाळीतल्या खोलीसारखी अवस्था होते. दहा बाय दहाची खोली, माणसं तेवढीच, सामान तेवढंच. कपाट कुठे लावता आणि उभं लावता की आडवं, यावर रात्री किती गाद्या पडतील ते ठरतं. गाडीतलं ते कपाट म्हणजे इंजिन. माणसांना जागा हवी असेल तर शाफ्ट काढून टाकावा लागतो, आणि शाफ्ट काढायचा तर इंजिन आणि ते ज्या चाकांना फिरवतं ती चाकं एकाच टोकाला आणावी लागतात. दोन्ही पुढे, नाहीतर दोन्ही मागे. मिनी आणि इम्पची वाट इथे फुटते.

## पेट्रोल रेशनवर गेलं तेव्हा

१९५६ साली इजिप्तने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, त्यावरून लढाई पेटली आणि कालवा बंद पडला. ब्रिटनमध्ये त्या डिसेंबरपासून पुढच्या मे महिन्यापर्यंत पेट्रोल रेशनवर मिळत होतं. लोक जर्मन बनावटीच्या अंड्यासारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या गाड्या घेऊ लागले. त्या पेट्रोल कमी प्यायच्या, पण दोन माणसं बसली की भरायच्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्या गाड्यांची चीड होती. ऑस्टिन आणि मॉरिस या जुन्या प्रतिस्पर्ध्यांना १९५२ मध्ये एकत्र करून ही कंपनी झाली होती. आपली अँबॅसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतली, तीही याच घरातली.

लॉर्ड यांनी १९५७ मध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांना बोलावून सांगितलं की चार माणसं नीट बसतील अशी खरीखुरी छोटी गाडी करा, आणि लवकर करा. इसिगोनिस यांचा जन्म १९०६ सालचा, आज तुर्कस्तानात असलेल्या इझमीर शहरातला. वडील ग्रीक वंशाचे, आई जर्मन. गणितात ते वारंवार नापास झाले होते, पण जागा कशी वाचवायची याची त्यांची नजर विलक्षण होती. लॉर्ड यांनी एकच अट घातली: इंजिन कंपनीत आधीपासून बनत असलेलंच वापरायचं. ही अट लक्षात ठेवा. पुढे तिच्याचकडे परत यायचं आहे.

## दहा फुटांत चार माणसं

२६ ऑगस्ट १९५९ ला मिनी लोकांसमोर आली, मॉरिस मिनी-मायनर आणि ऑस्टिन सेव्हन अशा दोन नावांनी. लांबी ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट आणि वर केसभर. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन मिनी शेजारी शेजारी जेमतेम उभ्या राहतील, फक्त दारं उघडता येणार नाहीत.

इसिगोनिस यांनी कपाट आडवं लावलं. चार सिलिंडरचं ८४८ सीसीचं इंजिन गाडीच्या रुंदीच्या दिशेने बसवलं, त्यामुळे त्याने लांबीतली फार थोडी जागा खाल्ली. पण मग गिअरबॉक्स कुठे? इंजिनाच्या टोकाला जोडावा तर रुंदी पुरेना. त्यांनी तो इंजिनाच्या खाली, तेलाच्या टाकीतच बसवला. कुकरमध्ये खाली डाळ आणि वर भाताचा डबा ठेवावा, आणि एकाच वाफेवर दोन्ही शिजावं, तसं इंजिन आणि गिअर एकाच तेलावर चालू लागले.

पुढचीच चाकं फिरवायची आणि पुढचीच वळवायची, हे वाटतं तितकं सोपं नाही. चाक वळलेलं असताना त्याला सारख्या गतीने फिरवत राहील असा सांधा लागतो, आपल्या मनगटासारखा. साधा सांधा वापरला तर वळणावर स्टिअरिंगला झटके बसतात. सारखी गती देणारा चांगला सांधा तोपर्यंत उपलब्ध झाला होता, म्हणून हे जमलं. गॅरेजमध्ये मेकॅनिक "एक्सलचा आवाज येतोय, जॉइंट गेला" म्हणतो ना, तो बहुतेक वेळा हाच.

बाकी जागा बारीकसारीक गोष्टींतून काढली. चाकं अवघ्या दहा इंचांची. आपल्या जुन्या बजाज चेतकचं चाकही दहा इंचीच, यावरून अंदाज करा. लोखंडी स्प्रिंगांऐवजी अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी केलेले रबराचे शंकू लावले. रबराची खुबी अशी की जितकं दाबाल तितकं ते घट्ट होत जातं. सहाशे किलोच्या आसपासच्या गाडीत चार माणसं आणि बॅगा चढल्या की वजन निम्म्याने वाढतं, तेव्हा हा गुण फार कामाचा ठरतो. खिडकीची काच खाली उतरवण्याऐवजी सरकवायची केली, आणि दाराच्या आत मोकळ्या झालेल्या पोकळीत मोठा खण दिला. डिकीचं झाकण खालच्या बाजूने उघडायचं, त्यावर सामान ठेवून गाडी चालवता यायची, आणि नंबरप्लेटला बिजागरी असल्यामुळे झाकण उघडं असतानाही ती लोंबती राहून मागून दिसायची. या सगळ्याची गोळाबेरीज अशी की गाडीने व्यापलेल्या जागेतली जवळजवळ ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली.

## इम्प: आग विझवणाऱ्या पंपाचं इंजिन

रूट्स ही हिलमन, हंबर, सनबीम या गाड्या बनवणारी कंपनी. मध्यमवर्गीय ब्रिटिश कुटुंबांत तिचा मान होता, पण अगदी छोटी गाडी तिच्याकडे नव्हती. माइक पार्क्स आणि टिम फ्राय या दोन तरुण इंजिनिअरांनी तिचं काम सुरू केलं आणि इंजिन मागे ठेवायचं ठरवलं. त्यात काही वेडेपणा नव्हता. फोक्सवॅगन बीटल, फियाट ६००, रेनोची छोटी गाडी या साऱ्यांची इंजिनं मागेच होती, आणि युरोपभर त्या धो धो खपत होत्या. मागच्या चाकांना ना वळायचं असतं ना स्टिअरिंग सांभाळायचं. त्यांना फिरवणं सोपं.

मात्र मागे इंजिन ठेवायचं तर ते हलकं हवं, आणि इथे इम्पची गोष्ट खरोखर देखणी होते. ५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारला आग विझवायला उचलून नेता येतील असे पंप हवे होते. कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीने त्यांच्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचं हलकं इंजिन केलं, इतकं चांगलं की शर्यतीच्या गाड्यावाल्यांनी ते उचललं. त्याच घराण्यातलं ८७५ सीसीचं इंजिन रूट्सने इम्पमध्ये ४५ अंशांत कलतं बसवलं. ते कललेलं असल्यामुळे वजनाचा मध्य खाली आला आणि इंजिनाच्या वर सामान ठेवायला सपाट जागा झाली. मागची काच वर उघडायची आणि मागची सीट आडवी व्हायची. त्या काळी छोट्या गाडीत ही सोय अपूर्वाईची होती.

चालवायलाही इम्प गोड. पुढे वजन नसल्यामुळे स्टिअरिंग बोटाने फिरावं इतकं हलकं. चारही गिअर अलगद पडायचे, तर सुरुवातीच्या मिनीत पहिला गिअर गाडी पुरती थांबल्याशिवाय टाकला की कुरकुरायचा. ताकद मिनीची ३४ अश्वशक्ती, इम्पची ३९. नुसतं इंजिन आणि गिअरबॉक्स टेबलावर मांडून निवाडा करायचा झाला तर माझं मत इम्पला. मिनीत बसवलेल्या इंजिनाचं मूळ १९५१ सालचं होतं, वाल्व उघडझाप करायची त्याची रीतही जुनी. इम्पचं इंजिन त्याच्यापुढे एक पिढी पुढचं होतं.

## मागे वजन असलं की बिघडतं काय?

बैलगाडी भरणाऱ्यांना ‘उलाळ’ हा शब्द माहीत असतो. ओझं मागे जास्त झालं की पुढची बाजू हलकी होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलू पाहतं, आणि गाडी ताब्यात राहत नाही. इम्पचं निम्म्याहून बरंच जास्त वजन मागे होतं, म्हणजे ती जन्मतःच थोडी उलाळ.

वळणावर जड टोक सरळ जाऊ पाहतं. घाटात जोरात वळणाऱ्या एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलात की हे अंगाला कळतं, तिथे माणूस सगळ्यात जास्त फेकला जातो. मागे इंजिन असलेली गाडी वेगात वळवली आणि घाबरून अचानक पाय काढला, तर मागची बाजू बाहेर निसटते आणि गाडी स्वतःभोवती फिरू पाहते. याला ओव्हरस्टिअर म्हणतात. पुढे इंजिन आणि पुढेच ओढणारी चाकं असलेली मिनी याच्या उलट वागते. ती फारतर हवी तेवढी वळत नाही, थोडी सरळ जाते. साध्या चालकाला हे सांभाळणं सोपं, कारण अशा वेळी भीतीने पाय आपसूक वर येतो, वेग कमी होतो आणि गाडी पुन्हा ओळीत येते. हातगाडी ओढून आणि ढकलून पाहा. ओढताना ती मुकाट मागे येते. ढकलताना प्रत्येक खड्ड्याशी तोंड फिरवते.

इम्पच्या इंजिनिअरांना हे नीट ठाऊक होतं. त्यांनी मागचं सस्पेन्शन त्या वर्गातल्या इतर गाड्यांपेक्षा महागडं आणि चांगलं दिलं. शिवाय एक साधा उपाय केला, जो मला फार आवडतो: पुढच्या टायरांत मागच्यांच्या साधारण निम्मी हवा. मागे ३० पौंड, तर पुढे १५ ते १८. हवा कमी म्हणून पुढचे टायर वळणावर जास्त दबतात, त्यांची पकड मागच्यांच्या आधी ढिली होते, आणि मागची बाजू निसटायच्या आत पुढची सरळ जाऊ लागते. गाडीचा स्वभावच बदलतो. पण गॅरेजमधल्या पोराने सवयीने चारही चाकांत सारखी हवा भरली, की सारी करामत पाण्यात.

## पण बीटल मागच्याच इंजिनावर चालली ना?

हा आक्षेप रास्त आहे. बीटल दोन कोटींहून जास्त बनल्या. म्हणजे इंजिन मागे ठेवणं हेच इम्पच्या अपयशाचं कारण असतं, तर बीटलही बुडायला हवी होती. मिनीच्या बाजूने बोलणारे हा मुद्दा टाळतात.

बीटलचं इंजिन वाऱ्यावर थंड व्हायचं, त्यात पाणीच नव्हतं. इम्पला पाणी लागायचं, आणि तिचा रेडिएटर मागेच, इंजिनाच्या शेजारी. धावत्या गाडीवर समोरून आदळणारा वारा तिथे सरळ पोचत नाही, तो पंख्याने खेचावा लागतो. त्यात इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं. बिडाचा तवा आणि जर्मलचं पातेलं घरात शेजारी असतं, त्यांचा स्वभाव आठवा. बिडाचा तवा जड, पण तापून तापून तसाच राहतो. जर्मलचं पातेलं हलकं, पण कोरडं गॅसवर राहिलं की बूड वाकतं. इंजिनाचंही तेच. अ‍ॅल्युमिनियमचं वजन बिडाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, पण तापल्यावर ते जास्त फुगतं. इम्पचा पाण्याचा पंप गळका निघाला, पाणी कमी झालेलं चालकाच्या लक्षात आलं नाही, की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलंच म्हणून समजा. असली इंजिनं ब्रिटिश गॅरेजांनी तोवर क्वचितच हाताळली होती. बोल्ट किती ताकदीने आवळायचे, पाण्यात कोणतं रसायन घालायचं, हे शिकेपर्यंत बरीच इंजिनं बळी गेली.

शिवाय अ‍ॅक्सिलरेटरची तार पायापासून मागपर्यंत नेण्याऐवजी हवेची नळी टाकली होती. कागदावर कल्पना सुंदर. प्रत्यक्षात ती त्रास देऊ लागली आणि दोनेक वर्षांत मुकाट्याने साधी तार लावावी लागली.

## मग मिनी निर्दोष होती का?

मुळीच नाही. पहिल्या मिनी पावसात शब्दशः भरायच्या. तळाचे पत्रे ज्या बाजूने एकमेकांवर बसवले होते, त्या फटीतून चाकांनी उडवलेलं पाणी आत शिरायचं आणि पायाखालचा गालिचा भिजून थबथबायचा. दुसरी गंमत बॉनेट उघडल्यावर दिसते. चाचणीच्या गाडीत इंजिन ज्या तोंडाने बसवलं होतं, ते नंतर फिरवलं. त्यामुळे स्पार्क प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर थेट पुढच्या जाळीमागे आला. पाऊस आला की जाळीतून फवारा थेट त्याच्यावर, आणि गाडी भर रस्त्यात बंद. मालकांनी त्यावर घरगुती उपाय काढला: भांडी घासायचा रबरी हातमोजा. तो डिस्ट्रिब्युटरवर ओढायचा आणि बोटांची टोकं कापून त्यातून एकेक वायर बाहेर काढायची. एका जुन्या मिनीत असा मोजा मी स्वतः पाहिला आहे. रंग उडालेला, तेलाने काळा पडलेला, पण चारही बोटांतून वायरी नीट निघालेल्या, आणि अंगठा वरच्या जाड वायरीला.

गिअर आणि इंजिनाचं तेल एक असल्यामुळे ते लवकर खराब व्हायचं. गिअरबॉक्सचं काम निघालं तर सगळंच बाहेर काढावं लागायचं. आणि किंमत इतकी कमी ठेवली होती, ५०० पौंडांच्याही आत, की कंपनीच्या हाती फारसं काही लागत नव्हतं. फोर्डच्या लोकांनी एक मिनी सुटी करून हिशेब मांडला आणि प्रत्येक गाडीमागे तोटा होत असावा असा निष्कर्ष काढला, ही गोष्ट मोटारींच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते.

म्हणजे दोघींनाही बालपणीची दुखणी होती. एक त्यांतून उठली, दुसरी उठली नाही. का?

## नवं किती आणि जुनं किती

लॉर्ड यांची ती अट इथे कामाला आली. मिनीची रचना संपूर्ण नवी होती, पण इंजिन आठ वर्षं रस्त्यावर घासून निघालेलं. कारखाने जुने: बर्मिंगहॅमजवळचं लाँगब्रिज आणि ऑक्सफर्डजवळचं काउली. कामगार मोटारी बनवण्यात मुरलेले. पाणी आत येतंय हे कळल्यावर पत्रे बदलायचे होते, बाकी गाडा चालू होता.

इम्पची रचना युरोपात रुळलेली होती, पण बाकी सगळं एकदम नवं. नवं इंजिन, नवा धातू, नवा गिअरबॉक्स, आणि त्यात नवा कारखाना. रूट्सला आपल्या कॉव्हेंट्रीजवळच्या रायटन कारखान्यापाशीच वाढायचं होतं. सरकारने परवानगी दिली नाही. ग्लासगोच्या क्लाइड नदीकाठी जहाजबांधणी ओसरत होती, माणसं बेकार होत होती, म्हणून नवे कारखाने तिकडे न्या असं सरकारचं धोरण होतं. हेतू चांगलाच होता. रूट्सने ग्लासगोच्या पश्चिमेला लिनवूड गावात कारखाना उभारला आणि २ मे १९६३ ला राणीचे पती प्रिन्स फिलिप यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

आता अंतराचा हिशेब पाहा. इंजिनाचं ओतकाम लिनवूडला. ते ओतीव भाग घासून, जोडून इंजिन तयार करायचं काम रायटनला, ३०० मैल दक्षिणेला. तयार इंजिन पुन्हा ३०० मैल उत्तरेला, गाडीत बसवायला. आणि तयार गाड्यांचं बहुतेक गिऱ्हाईक परत दक्षिणेलाच. आपल्याकडे कणिक नागपूरला मळायची, पोळी मुंबईत लाटायची आणि भाजायला परत नागपूरला पाठवायची, असा तो प्रकार.

कामगारांनाच दोष देण्याची अनेकांना सवय आहे, आणि ती मला पटत नाही. जहाज बांधणारा कारागीर एकेका कामावर महिनोन्‌महिने राबतो, आपल्या हुनराचा त्याला अभिमान असतो. त्याला कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यासमोर उभं करून दर मिनिटाला तोच बोल्ट आवळायला लावलं तर ती नुसती नवी नोकरी नसते, ते सगळं आयुष्यच वेगळं असतं. मजुरीवरून, कामाच्या वेगावरून भांडणं झाली, संप झाले, कारखाना पुन्हा पुन्हा थांबला. वर्षाला दीड लाख गाड्या बनवायची तयारी केली होती, तिथवर तो कधी पोचलाच नाही. रूट्सची थैली आधीच हलकी झाली होती. १९६१ मध्ये तिच्या लंडनमधल्या अ‍ॅक्टनच्या कारखान्यात तेरा आठवडे संप चालला होता. चुका सुधारायला वेळ लागतो आणि वेळ विकत घ्यायला पैसा. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनजवळ दोन्ही होतं. रूट्समध्ये १९६४ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरने भांडवल घातलं आणि १९६७ मध्ये कंपनी ताब्यात घेतली.

गंमत अशी की शर्यतीत इम्प कमी पडली नाही. मिनी कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली, हे बहुतेकांना माहीत असतं. आयर्लंडच्या रोझमेरी स्मिथ यांनी इम्प चालवत १९६५ ची ट्यूलिप रॅली जिंकली, आणि बिल मॅक्गव्हर्न यांनी १९७० पासून लागोपाठ तीन वर्षं ब्रिटनमधली सलून, म्हणजे बंद छपराच्या साध्या प्रवासी गाड्यांची अजिंक्यपद स्पर्धा इम्पवर मारली, हे फार थोड्यांना. बर्फाळ, निसरड्या रस्त्यावर दोघींचं बळ एकाच गोष्टीत होतं: जी चाकं फिरतात, त्यांच्यावरच इंजिनाचं वजन.

इम्प १९७६ पर्यंत बनली, सुमारे ४ लाख ४० हजार. लिनवूडचा कारखाना १९८१ मध्ये बंद पडला आणि गावावर दुसऱ्यांदा बेकारी आली. मिनी ४ ऑक्टोबर २००० पर्यंत बनत राहिली, ५३ लाख ८७ हजारांहून जास्त. आज शोरूममध्ये दिसणारी मिनी बीएमडब्ल्यूची आहे. नाव आणि चेहरा तोच, गाडी मात्र बरीच मोठी आणि वेगळी.

## आपल्या रस्त्यावर यातलं काय आलं?

१९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा तिचं इंजिन पुढे, आडवं, आणि फिरायची पुढचीच चाकं. वॅगनआर, आय-टेन, टियागो, सगळ्या त्याच वाटेच्या. एक दुरुस्ती मात्र झाली आहे: या गाड्यांत गिअरबॉक्स इंजिनाखाली नसतो, इंजिनाच्या टोकाला जोडलेला असतो. ही सुधारणा फियाटच्या दान्ते जकोसा यांची, १९६४ सालच्या ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीतली. कुकरमधली डाळ आणि भात त्यांनी वेगळे केले, त्यामुळे तेलही वेगळं झालं आणि दुरुस्तीही. तेव्हा मिनी ही या रचनेची अगदी पहिली गाडी नव्हे, शेवटचा शब्दही नव्हे. दोन सिलिंडरचं इंजिन आडवं ठेवून पुढची चाकं फिरवणारी डीकेडब्ल्यू जर्मनीत १९३१ पासून होती. पण चार सिलिंडरच्या चांगल्या इंजिनासह चार माणसांची गाडी दहा फुटांत बसते, हे जगाला मिनीने दाखवलं.

इम्पची वाटही आपल्याकडे येऊन गेली, टाटा मोटर्सकडून. २००९ मध्ये विक्रीला आलेल्या नॅनोचं ६२४ सीसीचं इंजिन मागे होतं. तिचे पुढचे टायर मागच्यांपेक्षा अरुंद होते, ते उगाच नव्हे. मागे वजन असलेल्या गाडीत पुढची पकड आधी सुटावी, हाच इम्पच्या कमी हवेमागचा विचार. एका बाबतीत इम्प तिच्याही पुढे होती: इम्पची मागची काच १९६३ मध्ये उघडत होती, नॅनोला उघडणारं मागचं दार २०१५ मध्ये मिळालं.

आणि आजोबांचा प्रश्न? इलेक्ट्रिक गाडीत मोटर इंजिनाच्या मानाने लहान आणि हलकी असते, आणि सगळ्यात जड वस्तू, म्हणजे बॅटरी, बहुतेक गाड्यांत तळाशी, दोन्ही चाकजोड्यांच्या मधे पसरलेली असते. गाडी उलाळ होत नाही. मागच्या रेडिएटरचा आणि गरम पाण्याचा तो जुना घोळ नाही, मोटरपर्यंत न्यायची ती मुख्यतः वायर. मागे ठेवण्याचे तोटे गेले, फायदे उरले: मागच्या चाकांना फक्त ढकलायचं काम, पुढची वळायला मोकळी. २०२३ मध्ये आलेली एमजी कॉमेट पाहा. मोटर मागे, चाकं इम्पसारखी बारा इंची, आणि लांबी तीन मीटरच्या आत, म्हणजे मिनीहूनही कमी. एमजी हे नाव मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्याच घराण्यातलं.

## घ्यायची झाली तर कोणती?

ब्रिटनमध्ये राहणारे मराठी मित्र कधीकधी हे विचारतात, कारण तिथे दोन्ही अजून विकत मिळतात. रोज वापरायची, सुटे भाग हाताशी हवेत, तर मिनी. तिचा अख्खा सांगाडासुद्धा आजही नवा बनवून मिळतो. घेताना दाराखालचा पत्रा आणि मागची सबफ्रेम, म्हणजे मागची चाकं ज्याला जोडलेली असतात तो लोखंडी सांगाडा, गंजली आहे का ते स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा, रंगावर जाऊ नका.

रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवण्याचाच आनंद हवा असेल तर इम्प. आधी पाण्याचा पंप बदलून घ्या, तापमानाचा काटा नवा बसवा आणि चालवताना त्याच्यावर लक्ष ठेवा. हवा भरताना पुढे पंधरा आणि मागे तीस असं मोठ्याने सांगा, आणि चारही चाकं होईपर्यंत तिथेच उभे राहा.